रेस सोडू नोको

"आयकते का? माही खाट जीपपाशी ने," हे म्हणाले.

दवाखान्यातून घरी आणल्यापासूनचं हे पहिलं धड वाक्य, आणि तेही जीपबद्दल! डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले, आता थोडेच दिवस. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्याशी चार शब्द बोलेल. उभा जन्म वरठीच्या गॅरेजात इंजिनांशी गप्पा मारल्या आणि घरी आले की मुके. मी वाट पाहत होते, आणि ह्यांना ऐकायचा होता त्या जुन्या जीपचा आवाज.

जीप कित्येक वर्षं अंगणात पडून होती. ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या जागेश्वरने आपलं गॅरेज बंद ठेवून तिचं इंजिन नव्याने बांधलं, नवा कॅमशाफ्ट टाकला होता. आम्ही दोघांनी खाट बाहेर नेली. मी उशाशी बसले.

"उस्ताद, मारू का सेल्फ?"

"मार. पण नवा कॅम हाय, ध्यानात ठेव. अर्धा तास चढ्या रेसवर. मधात ना कमी, ना बंद."

"हो जी. तुमीच त शिकवलं."

"कमी केली त तेल पोचत नाही. कॅम घासून जाते. रेस सोडू नोको."

इंजिन असं गरजलं की कोंबड्या कुंपणापार पळाल्या. ह्यांचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, मला रागच आला. सवतीचा यावा तसा.

तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडे बघून बोलू लागले. किती बोलत होते बाप्पा! डोळे भरून आले होते. मी कान तोंडाशी नेला. गरम श्वास लागला, शब्द एकही कळला नाही.

"जागेश्वर, बंद कर! हे काही सांगून राहिले मले!"

जागेश्वरचा पाय ढिला पडला. आवाज जरा उतरला, तसं ह्यांनी माझं मनगट सोडलं आणि हात हलवला. वर, वर! बिचाऱ्याने पुन्हा पाय दाबला.

"आग लागो त्या कॅमले! अवो, थांबा ना जी, मंग सांगा!"

माझंही त्यांना ऐकू गेलं नसणार. ते बोलतच राहिले. मग ओठ थांबले आणि हात माझ्या मांडीवर पडला.

जागेश्वरची नजर घड्याळावर होती. मी त्याला हाक मारली नाही. आता कशासाठी मारायची? वेळ भरल्यावर त्याने रेस सोडली. इंजिन खाली उतरून एकसारखं, हळू चालू लागलं.

"उस्ताद, आयका! कसं मस्त चालून राहिलं!" म्हणत तो हसत वळला, आणि मला बघून तसाच थिजला.

तेरवीची माणसं गेल्यावर तो उंबऱ्यापाशी बसून राहिला.

"उषाकाकू, मी त्यायचं न आयकता बंद केलं असतं त..."

"त मरता मरता तुले शिव्या देल्या असत्या त्यायनं."

तो रडता रडता हसला. चहा ठेवते म्हणून मी आत आले, आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले. निदान त्या शिव्या तरी मला ऐकू आल्या असत्या.