बावन्न तुकडे

"अठ्ठावीस आधी उतरव, मंग सत्तावीस! उलटं केलं तं वळण वाकीन," कचरू खालून ओरडला.

"लोखंडच तं आहे, कचरूभाऊ!" क्रेनवाला हसला.

"लोखंड तुह्या घरचं!" म्हणत कचरूनं उतरणाऱ्या तुकड्याखाली कडब्याची पेंढी सरकवली.

अमडापूरजवळच्या पार्कातला हा रोलर कोस्टर अकरा वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका बंद पडलेल्या पार्कातून आला होता. बावन्न तुकडे, नकाशा नाही, नंबर उन्हापावसानं पुसलेले. बोलावलेला इंजिनिअर दोन दिवसांत पळाला. कचरू बोअरचे पंप दुरुस्त करणारा, दहावी नापास. त्यानं चार महिने भोकाला भोक जुळवलं, रूळ कुठं घासलाय ते बोटानं चाचपून वळण कोणत्या अंगाला कलतं ते ताडलं. साखळी गाडीला फक्त वर नेते, पुढं तिचं वजनच तिला फिरवून परत आणतं, हे उमगलं त्या दिवशी तो जेवायचं विसरला.

पहिल्या फेरीला त्यानं सोयाबीनची पोती पट्टे बांधून बसवली. दुसरीला बायको. उतरल्यावर बेबीताई म्हणाली, "मेली समजली मी. अजून एक चक्कर मार ना!"

आता पार्क बंद पडला होता. मालक भगवानराव म्हणाले होते, "छत्तीसगडात नवीन पार्क निघून राह्यला. तूच खोल, तूच उभा कर." कचरूला एवढंच हवं होतं. आठ दिवस खपून त्यानं प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला. ज्या भोकाचा बोल्ट, त्याच भोकात परत, म्हणून सांध्यागणिक वेगळी पुरचुंडी बांधली. बेबीताईनं बॅगेत जवसाची चटणी भरून दिली आणि तो शेवटच्या ट्रकात बसला.

खामगाव ओलांडल्यावर ट्रक भंगाराच्या आवारात वळला. आधीचे ट्रक रिकामे झाले होते. गॅसची नळकांडी, कटर सगळं तयार होतं.

तिथला मुकादम जानराव खूश होता. "बरं केलं तुम्ही खोलून आणलं. उभं कापाले दोन महिने लागले असते."

कचरूनं भगवानरावांना फोन लावला. "मालक, हे काय करून राह्यले?"

पलीकडून आवाज आला, "तुले खरं सांगतलं असतं, तं तू एक बोल्ट तरी ढिला केला असता का, कचरू?"

त्यानं नसता केला. मेला असता पण केला नसता. त्याला आपल्याच हातांची किळस आली.

कटरवाल्यानं ज्योत पेटवली आणि समोर पडलेल्या एकतीस नंबरला लावली.

"तो नको," कचरू म्हणाला. "एकपासून घे, भाऊ. लाइनीनं."

"काऊन? काय फरक पडते?"

बॅग खाली ठेवून कचरू ढिगाकडे गेला, एक नंबरचा तुकडा शोधला, त्याच्यावरचा कडबा झटकला आणि आकडा नीट दिसावा म्हणून सदऱ्याच्या बाहीनं पुसू लागला.