पाहुण्याचं पाणी

मी माणिकरावांचा सूक्ष्मदर्शक बोलतोय. पितळेचा देह, खाली इवलासा आरसा आणि वर एकच डोळा, एवढीच माझी इस्टेट. पण त्या एका डोळ्यानं मी जे पाहिलंय ते तुमच्या दोन डोळ्यांना दिसायचं नाही. थोडा तोरा मिरवला तर रागावू नका.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत माणिकराव गावोगावच्या विहिरींचं पाणी माझ्याखाली तपासत. अमडापूरच्या पुढच्या एका खेड्यातून तीनदा बाटली आली आणि तिन्ही वेळा पाणी स्वच्छ निघालं. तरी तिथं घरोघरी नारू. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत महिना-महिना पडून राहायचं. माणिकरावांनी कपाळाला हात लावला, मला पेटीत घातलं आणि एस.टी. धरली.

सोजराबाईंच्या ओसरीवर माझं बस्तान बसलं. आत त्यांची सून गीताबाई नारूनं कण्हत होती. गीताबाईंची वर्षाची पोर नुकतीच पेल्यानं पाणी प्यायला शिकली होती.

"बाटली कोणी भरली होती?" माणिकरावांनी विचारलं.

"म्याच भरली," सोजराबाई म्हणाल्या. "सायबाकडे पानी जानार, म्हनून चौपदरी फडक्यानं गाळून भरली. पाहुन्याले कोनी तसंच पानी देते काय?"

"आणि घरी?"

"घरच्याले काऊन गाळाचं? विहिरीच्या पायऱ्या उतरतो, घागर बुडवतो."

माणिकरावांनी त्या घागरीतला थेंब काचेवर ठेवला. काय सांगू! तिळाहून बारीक जीव, काचेसारखा आरपार. कपाळावर एकच लाल डोळा, अगदी माझ्यासारखा! शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. आणि त्याच्या पोटात वेटोळं घालून बसलेलं नारूचं पिल्लू. एवढ्याशा जागेत एवढी कारागिरी कोणी केली असेल? मी आजही थक्क होतो.

सोजराबाईंनी डोळा लावला. "अगं माय! हे तं जितं हाये. उड्या मारून राह्यलं!"

"हे पोटात गेलं की वर्षभरानं पायातून नारू निघतो, बाई."

मग माणिकरावांनी तेच पाणी चौपदरी फडक्यानं गाळून त्याचा थेंब दाखवला. त्यात काहीच नव्हतं. सोजराबाईंनी नातीच्या हातातला पेला हिसकावला आणि त्या रडू लागल्या. "परक्याले गाळून देलं, अन् माह्या लेकराले हे पाजलं!"

पोरीच्या पोटात किती गेलं होतं, ते मलाही सांगता येईना. वर्षभर थांबणं आलं.

वर्षानं आम्ही पुन्हा गेलो. सोजराबाई खाटेवर होत्या, पायातून नारू निघाला होता. माणिकरावांनी चाचरत नातीबद्दल विचारलं.

"थे पाहा ना, अंगनात धावून राह्यली." पायाची काडी सांभाळत त्या हसल्या. "माह्यं जाऊ द्या."

आता मी एका शाळेच्या कपाटात आहे. भिंगावर बुरशी चढली आहे. मला भंगारात देण्याआधी एकदा पुसा, आरसा उन्हाकडे वळवा आणि डबक्यातला एक थेंब ठेवा. घाबरू नका. आधी मनसोक्त नवल करा, मग घरच्यांसाठी पाणी गाळायला घ्या.