अविधवा नवमीचं पान

चौपन्न सालच्या वैशाखात मालनबाई परळच्या इस्पितळातून नौपाड्याच्या घरी परतल्या, तेव्हा त्यांचं वजन एकाहत्तर पौंड भरलं होतं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना आलेल्या गाठींसाठी आठ महिन्यांत चार वेळा त्यांना सुयांवर ठेवलं होतं. औषध नवं होतं. ते शिरेतून जाई, आणि ज्या शिरेतून जाई ती शीर काळी पडे. गाठी विरघळल्या. त्यांच्याबरोबर केस गेले, भूक गेली, तोंडाची चव गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, आमचं काम संपलं. पुढचं तुमचं. खा, चाला, आणि तीन महिन्यांनी दाखवायला या."

इतके महिने त्या लालबागला थोरल्या भावाकडे, दादांकडे राहिल्या होत्या. इस्पितळ तिथून जवळ पडे. यजमान हरिहरराव ठाण्याला कचेरीत कारकून. ते दर रविवारी येऊन बसत. एकुलती एक लेक चित्रा मात्र दिवाळीनंतर एकदाही आली नव्हती. "तुला अशी बघणं तिला सोसत नाही गं," हरिहरराव सांगत, आणि मालनबाईंना ते पटे. आरशात बघणं त्यांनाही सोसत नव्हतं.

घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी पहिली हाक चित्राला मारली. आतून कोणी ओ दिली नाही.

हरिहररावांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "चित्राचं लग्न झालं. फाल्गुनात. कल्याणला दिलीय. मुलगा शाळेत शिक्षक आहे, माणसं चांगली आहेत. तुझा ताप उतरत नव्हता, डॉक्टर म्हणाले मनाला ताण नको. म्हणून बोललो नाही."

मालनबाई पाटावर बसल्या. रडायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "कन्यादान कोणी केलं?"

"विश्राम आणि शुभदानं."

विश्राम धाकटा दीर, डोंबिवलीला राहणारा. शुभदा त्याची बायको. मालनबाईंनी त्या दोघांना आपल्या हातचं वाढून लहानाचं मोठं केल्यासारखंच होतं. त्यांनी मान हलवली. एकीला नाही जमलं, दुसरीनं केलं. घरात असंच असतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पण अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक गोष्ट आठवू लागली. फाल्गुनातल्या एका दुपारी दादा कोरं धोतर नेसून बाहेर गेले होते. "हापिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न आहे," म्हणाले होते. संध्याकाळी परतले ते बुंदीचा लाडू घेऊन. "खा गं, गोड आहे." मालनबाईंनी अर्धा खाल्ला होता आणि तासाभरानं तो उलटून पडला होता. दादांनी स्वतः तोंडापुढे चिलमचीचं भांडं धरलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता. भाचीला बोहल्यावर उभी करून आलेला तो हात होता.

त्यांनी चालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मोरीपर्यंत, मग ओटीपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. वाण्याकडून परतताना दोनदा बसावं लागे. ताक तेवढं पोटात टिके, बाकी सगळं पितळेच्या भांड्याला जीभ लावल्यासारखं लागे. श्रावणात एका सकाळी मुगाच्या खिचडीला खिचडीची चव आली, आणि त्यांनी ती सबंध वाटी संपवली. त्याच महिन्यात डॉक्टरांनी गळा चाचपून पाहिला आणि काही नाही म्हणाले. डोक्यावर बोटभर केस आले होते, लहान मुलाच्या जावळासारखे. एवढ्याशा केसांची बाई बघितली की बायका चपापत, मग कपाळाकडे बघत. म्हणून त्या कुंकू मोठं लावत आणि पदर घट्ट घेत.

"चित्राला एकदा बोलावून घ्या ना," त्या म्हणत.

"तिकडे सासूची तब्येत बरी नाही," हरिहरराव सांगत. पुढच्या वेळी दुसरं कारण असे. "मग मी जाऊन येते," म्हटलं की त्यांचा आवाज चढे, "तुला अजून प्रवास झेपायचा नाही!"

गौरी-गणपती झाले. एका दुपारी हरिहरराव कचेरीत असताना मालनबाईंनी नेसून घेतलं आणि एकट्याच कल्याणला निघाल्या. गाडी रिकामीच होती. स्टेशनावरून टांगा केला. पत्ता त्यांनी शुभदाच्या एका पत्रावरून लिहून ठेवला होता. पारनाक्याशी घर सापडलं. दार चित्रानंच उघडलं.

लेकीनं त्यांना ओळखायला क्षणभर वेळ घेतला. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती आनंदानं पुढे होईल म्हणून मालनबाईंनी हात पसरलेच होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण गं सूनबाई?"

"ठाण्याच्या आमच्या शेजारच्या मावशी," चित्रा म्हणाली.

मालनबाईंचे हात तसेच राहिले.

चित्राची सासू, आवडाबाई, बाहेर आल्या. अंगानं भरलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मालनबाईंना बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. "बरं झालं बाई आलात. पोरीला माहेरचं माणूस म्हणून कोणी येत नाही. आई लहानपणीच गेलेली, वडील असे अबोल. काकूनं केलं तेवढं केलं. तुम्ही तर बघितली असेल ना हिची आई?"

मालनबाईंनी चित्राकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, डोळे जमिनीवर.

"बघितली होती," मालनबाई म्हणाल्या.

"कशी होती हो?"

"होती चारचौघींसारखी."

आवडाबाईंनी त्यांना हळदकुंकू लावलं. लावता लावता त्यांना काही सुचलं. "असं करा, पुढच्या आठवड्यात अविधवा नवमी आहे. हिची आई अहेवपणी गेली, तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालावी असं माझ्या फार मनात आहे. तुम्ही तिला ओळखत होता. तुम्हीच याल का?"

"येईन," मालनबाई म्हणाल्या. तो शब्द आपण कसा उच्चारला, हे त्यांना पुढेही कधी कळलं नाही.

चित्रा त्यांना पायरीपर्यंत सोडायला आली. घरातलं कोणी ऐकत नाही असं बघून घाईघाईनं बोलू लागली. "आई, काकू म्हणाली, तुझा आजार कळला तर कोणी करायचं नाही मला. हा आजार रक्तातून येतो म्हणतात ना. मग ती म्हणाली, आई नाहीच म्हणून सांगू या. बाबा गप्प बसले. दादामामाही हो म्हणाला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काहीच नाही म्हणाले."

"तुला वाटलं, नाहीतरी मी..."

चित्रा रडू लागली. 'नाही' मात्र म्हणाली नाही.

संध्याकाळी हरिहरराव घरी आले तेव्हा मालनबाई दारातच उभ्या होत्या. "मी कल्याणला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "मला मरून किती वर्षं झाली?"

हरिहररावांनी त्यांना आत घेऊन दार लावलं. मग एकदम संतापले. "तुझं बरं होणं कुणी धरलं होतं? डॉक्टरसुद्धा नक्की सांगत नव्हते. तू गेली असतीस तर वर्षभर पोर घरात राहिली असती, आणि पुढे कोण विचारणार होतं तिला? मी तिचं भलं बघितलं."

"मला विचारायचं होतं. मीच म्हणाले असते, करा लग्न, मी येत नाही. म्हणाले असते, लपवा मला. हसत म्हणाले असते हो." त्या त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दर रविवारी माझ्या उशाशी येऊन बसत होता. नक्की कुणाजवळ बसत होता तुम्ही?"

नवमीच्या आमंत्रणाचं कळल्यावर ते टोपी घालून विश्रामकडे गेले. दुसऱ्या दिवशी शुभदा डोंबिवलीहून धावत आली. "वहिनी, नवमीला ताप आल्याचं कळवा. तुमच्यापायी चित्राचा संसार मोडेल." मालनबाईंनी तिला चहा दिला, पण तिच्यासमोर बसल्या नाहीत.

नवमीला त्या हिरवं लुगडं नेसून गेल्या. मनात काही ठरवलेलं नव्हतं. जेवून, ओटी घेऊन, गप्प परत यायचं, असंही वाटेत एकदा वाटलं होतं. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. खीर, वडे, पुरण, सगळं आवडाबाईंनी सोवळ्यात स्वतः केलेलं. जावई आनंद एका बाजूला उभा होता. मालनबाई त्याला पहिल्यांदाच बघत होत्या. सरळ, लाजाळू मुलगा वाटला. आवडाबाई पळीत पाणी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नाव घ्यायला हवं. सूनबाई, तुझ्या आईचं नाव काय गं?"

 चित्रानं आईकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. गप्प राहा, एवढीच. आजारात मालनबाई लेकीला डोळे भरून बघायला आसुसल्या होत्या, आणि आता ती बघत होती ती अशी.

"मालन," मालनबाई म्हणाल्या. "तिचं नाव मालन. पण पाणी सोडू नका. मी जिवंत आहे. मीच हिची आई."

मग त्यांनी पदर मागे सारला, ते बोटभर केस दाखवले, काळ्या पडलेल्या शिरा दाखवल्या, आणि आजाराचं नाव सांगितलं.

आवडाबाईंनी पळी खाली ठेवली.  मग त्या म्हणाल्या, "पानावरून उठू नका. आजारातून उठलेलं माणूस उपाशी जायला नको." त्यांनी स्वतः वाढलं. मालनबाई जेवल्या. शेवटी आवडाबाई लेकासुनेसमोर एवढंच बोलल्या, "आजार लपवला असता तर समजू शकले असते. पण जित्या आईला मारून माझ्या घरात आलात. आता हिचं खरं काय मानायचं, ते मला कळत नाही." मालनबाईंची ओटी त्यांनी भरली. "पुन्हा या," असं मात्र म्हणाल्या नाहीत.

दारात चित्रा पुटपुटली, "का आलीस तू?"

चित्राला कोणी घराबाहेर काढलं नाही. आनंद तसा नव्हता. पण दिवाळसणाला आवडाबाईंनी तिला माहेरी पाठवलं नाही, आणि चित्रानंही पत्र लिहिलं नाही. शुभदा-विश्रामचं येणं बंद झालं. हरिहरराव घरात जेवत, पेपर वाचत. लागेल तेवढंच बोलत. एकदा ते म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मालनबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या मनासारखं काय होतं, ते तुम्हाला फाल्गुनात विचारता आलं असतं," त्या म्हणाल्या.

कार्तिकात त्या एकट्याच परळला गेल्या. डॉक्टरांनी गळा पुन्हा पुन्हा चाचपला, काखा बघितल्या. वजन ब्याण्णव पौंड भरलं. "छान," ते म्हणाले. "घरची माणसं चांगली काळजी घेताहेत. बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही. माझी मी आले," मालनबाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर लालबागकडे जाणारा रस्ता समोरच होता. दादांचं घर दहा मिनिटांच्या अंतरावर. त्या क्षणभर थांबल्या, दम खाल्ला, आणि स्टेशनाकडे चालू लागल्या.