मिरी सतरंजीवर बसेना

मित्रांनो, पायाखाली जे असते त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मी एक जुनी सतरंजी आहे, त्यामुळे मला त्याची सवय आहे. पण माझे नशीब थोडे वेगळे निघाले. ज्या घरात मी गेले, तिथली माणसे माझ्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढत आणि संध्याकाळी माझ्यावर गुडघे टेकत.

एका विणकर जोडप्याने मला विणले. तो मागावर बसे आणि ती सूत रंगवून देई. लाल, हिरवा, निळा असे माझे पट्टे ठरले होते. पण शेवटचा निळा पट्टा अर्ध्यावर आला आणि निळे सूत संपले. उरलेला भाग पांढराच राहिला. "आता हिला कोण नेणार?" विणकराची बायको म्हणाली. मी बरेच दिवस दुकानात घडी होऊन पडले. मग एका बाईंनी मला उलगडून पाहिले आणि त्या हसल्या. "आमच्या घरात सगळंच थोडं थोडं अपुरं आहे. त्यात हीही खपून जाईल," त्या म्हणाल्या. त्याच पुढे माझ्या आई झाल्या. म्हणजे त्या मिरीच्या आई, पण मीही त्यांना मनातल्या मनात आईच म्हणू लागले.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली बाबांचे कुलपे आणि किल्ल्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. दिवसभर कानशीचा खरखर आवाज जिन्याने वर येई. तो थांबला, की बाबा हात धुऊन वर येणार हे मिरीला कळे. मग ती दाराआडून मला ओढत आणून पसरे. मिरी हे तिचे खरे नाव नव्हे. लहानखुरी पण तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणत.

आईची प्रार्थना शिकवण्याची पद्धत साधी होती. पाठांतराची तिला घाई नव्हती. ती मिरीला मांडीवर घेई आणि म्हणे, "आज काय काय झालं ते देवबापाला सांग. चांगलं झालं त्याचे आभार मान. चुकलं असेल ते सांगून टाक. मग काय मागायचं ते माग."

मिरीचे मागणे ऐकण्यासारखे असे. एकदा तिच्या शाळेतल्या बाईंचा घसा बसला होता, तेव्हा ती म्हणाली, "देवा, त्यांना बरं वाटू दे, पण घसा मात्र असाच राहू दे." बाबांना हसू आवरेना. ते खोकल्याचे निमित्त करून उठून गेले. आई हसली नाही. नंतर ती इतकेच म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. काय द्यायचं ते तो ठरवेल."

बाबा स्वतः कधी मोठ्याने प्रार्थना करत नसत. सगळ्यांचे झाले की एक 'आमेन' म्हणत, तेही हळूच. लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना उभे करून प्रार्थना पाठ करायला लावली होती. एक ओळ चुकली की कान पिळला जाई. तेव्हापासून देवाशी बोलायचे म्हटले की त्यांचा हात आधी कानाकडे जाई. हे त्यांनी एकदा आईला सांगितले होते, म्हणून मला ठाऊक.

मग घरात बाळ आले.

बाळ गोड होते, पण रडके होते. नेमके प्रार्थनेच्या वेळीच ते सूर लावी. आईच्या मांडीवर आता ते असे. "तू मोठी झालीस ना गं? इथे माझ्या शेजारी बस," आई म्हणे. मिरी शेजारी बसे, पण आईच्या अंगाला टेकत नसे. तिचे मागणेही आटले. 'सगळ्यांना सांभाळ, आमेन,' एवढ्यावर ती उठू लागली.

एका दुपारी आई बाळाला थोपटत आतल्या खोलीत झोपली होती. मिरीने चित्र काढले होते. ते दाखवायला ती आत गेली, आणि आईने डोळे न उघडताच 'श्श' केले. मिरी बाहेर आली. तिने मला पसरले, गुडघे टेकले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "देवा, हे बाळ तुझं तू परत घे. आम्हाला नको." मग तिने आमेनही म्हटले, आणि मला गुंडाळून ठेवून ती खेळायला निघून गेली.

त्या खोलीत तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हते.

दोन दिवसांनी बाळाला ताप चढला. दुपारपर्यंत त्याची मान ताठ झाली आणि ते रडायचेही थांबले. बाबा दुकान उघडे टाकून धावले. आईने बाळाला शालीत गुंडाळले. जिना उतरताना तिची एक चप्पल पायरीवर राहिली, ती घ्यायलाही ती थांबली नाही. ताप डोक्यात गेला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. आई रुग्णालयातच राहिली. घर सांभाळायला बाबांची थोरली बहीण आली. ती मिरीची आत्या.

आत्या कामाला वाघ होती. तिची प्रार्थनाही तशीच लांबरुंद. चुलीवरचे दूध उतू गेले तरी तिचे आमेन येत नसे. पहिल्याच संध्याकाळी तिने मला पसरले आणि हाक मारली, "मिरी, चल. भावासाठी प्रार्थना करायची आहे."

मिरी आली नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तर ती माझ्यावर पाऊलसुद्धा ठेवत नव्हती. पलीकडे जायचे असले तर भिंतीला चिकटून, एकेक पाऊल तोलत जाई. मला फार वाईट वाटले. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत होते, पण सतरंजीला तोंड कुठे असते?

"नाटकं आहेत नुसती," आत्या बाबांना म्हणाली. "सख्खा भाऊ तिकडे मरणाच्या दारात आणि हिला दोन शब्द बोलवत नाहीत. वळण लहानपणीच लागतं. धरून बसव तिला."

बाबा दमलेले होते. दाढी वाढली होती, डोळे तांबारले होते. त्यांनी मिरीचा दंड धरला आणि तिला आणून माझ्यावर बसवले. "म्हण," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "म्हण काहीतरी."

मिरीने दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले. इतके घट्ट की बोटे पांढरी पडली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. हा हट्ट नव्हे, हे त्यांना कळले असावे. त्यांनी दंड सोडला.

"अरे, सोडलंस काय?" आत्या म्हणाली.

"ताई, गंजलेल्या कुलपाला जोर केला की किल्ली आतच मोडते," बाबा म्हणाले. "माझी मोडली होती. हिची नको मोडायला."

आत्याला राग आला. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा रुग्णालयातून कपडे न्यायला आले. आत्या डबा घेऊन तिकडे गेली होती. बाबांनी कपडे पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी ठेवली. मग काय मनात आले कोण जाणे, त्यांनी मला पसरले आणि एका कडेला बसले. मिरी खिडकीपाशी फरशीवर बसली होती. त्यांनी तिला बोलावले नाही. खिशातून एक बिघडलेले छोटे कुलूप काढले, तेलाचे दोन थेंब सोडले आणि ते हातात धरून बसून राहिले. बराच वेळ गेला.

"बाबा, तेल सोडून काय होतं?" शेवटी मिरीने विचारले.

"आत अडकलेलं सुटतं. पण वाट बघावी लागते."

मिरी त्या कुलपाकडे बघत राहिली.

"बाबा, मी बाळाला मारलं."

बाबांच्या हातातले कुलूप माझ्यावर पडले. "काय म्हणालीस?"

मग ते सगळे बाहेर आले. ती दुपार, ते 'श्श', ते मागणे. "मी देवाला म्हणाले परत घे. आणि तो घेतोय. आता मी काही बोलले तर अजून काहीतरी होईल." ती पुन्हा तोंडावर हात नेऊ लागली. बाबांनी पुढे झुकून तो हात मधेच हातात घेतला.

ते कुलपांचे कारागीर, बोलण्याचे नव्हेत. पडलेले कुलूप बाजूला सारून ते म्हणाले, "मागे उन्हाळ्यात मी तुझे केस कापले होते. आठवतं?"

"वाकडे कापले होते."

"हो, वाकडे कापले होते. तेव्हा तू मला काय म्हणालीस?"

मिरीने मान खाली घातली. "बाबा, तुम्ही घरातून निघून जा."

"मग मी गेलो?"

"नाही."

"का नाही गेलो?"

मिरीने विचार केला. "मी रागावले होते म्हणून. तुम्हाला माहीत होतं."

"एवढं तुझ्या बापाला कळतं," बाबा म्हणाले, "मग ते देवबापाला कळत नसेल?"

मिरी फरशीवरून सरकत सरकत आली आणि माझ्या काठाशी थांबली. "मग बाळ बरं होईल?"

बाबांनी खोटे सांगितले नाही. "मला माहीत नाही, मिरी. डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. पण ते आजारी पडलं ते तुझ्या बोलण्यानं नाही. हे मला नक्की माहीत आहे."

मग मिरी माझ्यावर आली. बाबांनी गुडघे टेकले. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. "देवा, बाळाला सांभाळ. त्याच्या आईला सांभाळ. या पोरीला सांभाळ. मला नीट बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घे." एवढीच प्रार्थना, पण ती म्हणताना त्यांना घाम फुटला होता.

मिरी म्हणाली, "देवा, ते मी रागात बोलले. ऐकू नकोस. आणि आधीच ऐकलं असशील तर विसर. बाळ आम्हाला हवंय. रडलं तरी चालेल."

मग ती रडली. अनेक दिवसांचे साचलेले रडणे होते ते. माझा पांढरा कोपरा भिजून गेला.

बाळ बरे झाले. आठवडे लागले, पण घरी आले. वाळून काटकी झाले होते. पुढे लक्षात आले की त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते कळले त्या दिवशी मिरीने बाबांना विचारले, "एवढं तरी माझ्यामुळे झालं का?" बाबा म्हणाले, "नाही." काही महिन्यांनी तिने पुन्हा विचारले. ती मोठी होत गेली तरी अधूनमधून विचारत राहिली. बाबा दर वेळी हातातले काम खाली ठेवत आणि तेच उत्तर देत. 'किती वेळा सांगायचं' असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

धाकट्याला प्रार्थना शिकवली ती मिरीनेच. ती त्याच्या उजव्या बाजूला बसे, म्हणजे शब्द नीट पोचत. तरी थोडे निसटायचेच. 'आमेन'ला तो 'आम्ही पण' म्हणायचा. आत्याने ते सुधारायला घेतले, तर आई म्हणाली, "राहू द्या हो वन्सं. अर्थ कुठे चुकतोय?" आत्याने क्षणभर विचार केला आणि हसली. पुढे ती आली की तिची स्वतःची प्रार्थनाही थोडी आखूड होऊ लागली. दूध उतू जाणे मात्र थांबले नाही.

मित्रांनो, दिवस काही सारखे राहत नाहीत. मुले मोठी झाली. घरात सोफा आला, फरशीवर नवा गालिचा आला. आईबाबांचे गुडघे दुखू लागले, ते खुर्चीवर बसून प्रार्थना करू लागले. मला माळ्यावर टाकण्यात आले. माझ्या अंगावर रंगाचे रिकामे डबे ठेवले होते. एका उंदराने माझा लाल पट्टा कुरतडला. त्या अंधारात मी किती वर्षे काढली, हे मला सांगता येणार नाही. खालून प्रार्थनेचा आवाज येई, तेवढाच काय तो आधार. आधी दोन आवाज येत. नंतर एकट्या बाबांचाच येऊ लागला. आई गेली, हे मला तसेच कळले. बाबा आता मोठ्याने प्रार्थना करत, आणि त्यांना अडखळायला होत नसे.

मग एक दिवस माळ्यावर उजेड आला. मिरी बाबांना आपल्या घरी न्यायला आली होती. तिने मला ओळखले. कुरतडलेल्या जागी तिने जुन्या पडद्याचे ठिगळ लावले, मला कडक उन्हात घातले आणि आपल्या घरी नेऊन पसरले.

आता माझ्यावर तिची मुलगी बसते. बाबा शेजारी खुर्चीत असतात. पोरगी आईसारखीच तिखट आहे. परवा संध्याकाळी ती म्हणाली, "मी आज देवाशी बोलणार नाही." मी श्वास रोखून ऐकत राहिले. मिरी तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बरं. मग नुसती बस. मी आहे."

पोरगी बसली. मग आडवी झाली. 'का नाही बोलणार' हे तिने अजून सांगितलेले नाही, आणि मिरीने ते उकरून काढलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी सतरंजी असेल, तर तिला अधूनमधून झटका, ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. पण माझे खरे मागणे तुमच्या मनासाठी आहे. मनात राग आला, भीती बसली, तर ती तोंडावर हात दाबून आत कोंडू नका. देवाला सांगा. घरातल्या मोठ्या माणसालाही सांगा. आणि घरातले कोणी लहान प्रार्थनेला बसत नसेल, तर त्याला ओढू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

आत्ता संध्याकाळ झाली आहे. मिरीने मला पसरले आहे, आणि पोरगी माझ्या काठाशी येऊन उभी राहिली आहे. तिने एक पाऊल माझ्यावर ठेवले आहे. दुसऱ्याची मला घाई नाही.