सात ठिकाणचा एक बाक

या मित्रांनो, टेका घटकाभर. दवाखान्याचा चढाव चढून आलात, दम लागला असेल. मी एक जुना बाक आहे. चार लाकडी पट्ट्या, दोन लोखंडी पाय आणि अंगावर हिरवा रंग, एवढीच माझी मालमत्ता. उजव्या हाताला पट्टीवर एक दातेरी ठसा लागेल. उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो, पण उंदराला उगाच नावे ठेवू नका. तो कशाचा आहे ते सांगतो.

माझा जन्म खालच्या गल्लीतल्या सुतारकाकांच्या हातचा. या चढावाच्या मध्यावर टेकायला काहीतरी हवे, असा अर्ज मावशींनी केला होता. मावशी म्हणजे याच दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. तीस वर्षे त्या हा चढाव धावत चढल्या आणि आता दम्यामुळे रोज वाफ घ्यायला येताना दहा पावलांवर थांबू लागल्या. मुलगा म्हणे, "आई, पुरे झालं आता, घरीच बस." घरी बसायचे म्हणजे उपचार सोडायचे. म्हणून काकांनी माझ्या कडा तीनदा घासल्या. म्हाताऱ्या हाडांना टोचायला नको, असे ते स्वतःशीच पुटपुटत होते.

अर्ज मंजूर केला नगरसेवकांनी. सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. मी लाकडाचा असल्यामुळे माझा आणि त्यांचा काही संबंध लागत नाही, याचे मला फार समाधान आहे.

ज्या सकाळी काकांनी मला रंग दिला त्याच सकाळी भाऊ छायाचित्रकाराला घेऊन हजर झाले. काका म्हणाले, "भाऊ, रंग ओला आहे. दोन दिवस थांबा."

"दोन दिवस?" भाऊ हसले. "लोकांच्या सेवेत दोन मिनिटं थांबत नाही मी."

आणि पांढऱ्या विजारीनिशी धप्पकन बसले. उठले तेव्हा विजार हिरवी झाली होती आणि माझ्या पट्टीवर त्यांच्या मागच्या खिशातल्या कंगव्याचे सगळे दात उमटले होते. डोक्यावर विंचरण्याजोगे चार केस, पण कंगवा मात्र घोड्याला पुरेल एवढा.

काकांना वाटले, आता मी चढावावर जाणार. मलाही तसेच वाटले होते. नवीन होतो, अक्कल कमी होती.

दोन दिवसांनी मला हातगाडीवर चढवले. पहिल्यांदा बागेच्या फाटकाशी उतरवले. भाऊ माझ्याजवळ उभे राहून हसले, फोटो निघाला आणि मी परत गाडीवर. मग शाळेची भिंत, पाण्याची टाकी, बसथांबा, वाचनालय, भाजीबाजार. प्रत्येक ठिकाणी भाऊंनी गाडीआड जाऊन सदरा बदलला. हातगाडीवाल्याने न राहवून विचारले, "भाऊ, एकच बाक सगळीकडे कसा पुरणार?"

"अरे, बाक दिसला पाहिजे," भाऊ म्हणाले. "असलाच पाहिजे असं कुठं आहे?"

इतकी वर्षे उन्हापावसात काढली, पण या वाक्याइतके काही माझ्या अंगाला लागले नाही.

शेवटी, सातव्या खेपेला, हा चढाव आला. मावशी तेव्हा भिंतीला हात लावून उभ्या होत्या, ओठ निळसर झालेले. छायाचित्रकार म्हणाला, "आजी, बसा ना, फोटो झकास येईल." त्या बसल्या. मित्रांनो, माझ्यावर पहिल्यांदा खरेखुरे माणूस बसले ते असे. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसताना मला पट्टीपट्टीत जाणवत होता. माझ्या कडेवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बरं केलंत बाबा. आता येईन मी रोज."

भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला आणि खांद्यावरचा हात उचलायच्या आत ते म्हणाले, "चला मावशी, उठा आता. गाडीत घालायचाय."

त्या उठल्या. मला गाडीवर चढवताना पाहत राहिल्या. मी दगडाचा असतो तरी मला लाज वाटली असती. भाऊंना वाटली नाही. ते सदरा दुमडत होते.

पुढे मी भाऊंच्या कार्यालयाबाहेर पडून राहिलो. दिवसभर त्यांची रिकामटेकडी मंडळी माझ्यावर बसत, माझ्या पायाशी थुंकत आणि वॉर्ड कसा सुधारला यावर चर्चा करत. कडांचा रंग उडाला, एक खिळा वर आला. हातोडीचा एक ठोका पुरला असता, पण तेवढा हात कुणाचा हलला नाही. चढाव तिथून दिसत असे. मावशी अर्ध्यावर थांबायच्या, भिंत धरायच्या. एकदा तिथेच खाली बसल्या आणि त्यांना उठवायला दोन माणसे लागली. त्यानंतर त्या आठवडाभर दिसल्या नाहीत.

मग निवडणूक जवळ आली आणि भाऊंचा कार्यअहवाल निघाला. गुळगुळीत कागद, पानोपानी भाऊ. कार्यालयासमोर लोक जमवले होते. ज्येष्ठांच्या सोयीसाठी मला पुढे ओढले आणि माझ्यावर नेमक्या मावशीच येऊन बसल्या. मुलगा काठी घेऊन शेजारी उभा होता. मावशींनी अहवाल उघडला. 'वॉर्डात सात बाक' असे ठळक छापले होते आणि खाली सात फोटो. थर्मामीटरची बारीक रेघ वाचण्यात जन्म गेलेली नजर ती. त्यांचे बोट एका फोटोवरून दुसऱ्यावर गेले, मग तिसऱ्यावर, आणि मग सावकाश माझ्या पट्टीवर, त्या दातांवर येऊन थांबले.

"भाऊ," त्यांनी बसल्याबसल्याच विचारले, "चढावावर बाक आहे?"

"अहो मावशी, तुमचाच फोटो छापलाय की!" भाऊ माईकवर गरजले. "आहे म्हणजे आहे! शंभर टक्के!"

"मग मी रोज भिंत धरून का उभी राहते? सातही फोटोंत हा कंगवा आहे. इथे या पट्टीवरही आहे."

भाऊंचा हात आपोआप मागच्या खिशावर गेला. गर्दीत कुणीतरी फिसकन हसले आणि मग ते हसू पसरतच गेले. घाम पुसत भाऊ म्हणाले, "छे छे, हा बाक वेगळा. आमच्या सातातला नाहीच हा. हा... हा असाच कुणाचातरी आहे."

सुतारकाका मागे उभे होते. ते पुढे आले. "कुणाचा नाही ना? सगळ्यांनी ऐकलं? मग घ्या रे उचलून!"

मावशींच्या मुलाने काठी आईच्या हातात दिली आणि माझा एक पाय स्वतः धरला. भाऊ माईक धरून पाहत राहिले. चोरी झाली म्हणावे, तर बाक त्यांचा नाही. त्यांचा म्हणावे, तर अहवालाप्रमाणे तो चढावावरच आहे. स्वतःच्याच छापील थापेने त्यांची अशी बोबडी वळलेली मी पाहिली आणि माझ्या जुन्या पट्ट्यांना पालवी फुटायचीच बाकी राहिली.

काकांनी वर आलेला खिळा ठोकला आणि चढावाच्या मध्यावर माझे पाय काँक्रीटमध्ये पक्के पुरले. मावशी चढून आल्या, बसल्या, श्वास खाली बसेपर्यंत बसल्या. कुणी उठा म्हणाले नाही.

दोन आठवड्यांनी भाऊ छायाचित्रकारासह पुन्हा आले होते. नवा सदरा होता. त्यांनी मला हलवून पाहिले, पाय घट्ट आहेत हे कळले तेव्हा कंगवा काढून चार केसांवरून फिरवला आणि निघून गेले. बसले मात्र नाहीत.

तर मित्रांनो, एवढेच मागणे. माझ्यावर नावे कोरू नका, खिळा वर आला तर दगडाने का होईना ठोका, आणि कुणी धापा टाकत आले तर जरा सरका. रंग उडेल तेव्हा नवा द्या. फक्त त्या दातांवर फासू नका. पुढचे भाऊ येतील, तेव्हा मावशी नसतील, पण बोट ठेवायला जागा असू द्या.