उंबऱ्यावरची नाल

"उंबऱ्याबिगर घर असतंय व्हय कुटं?" सावित्रम्मानं सुताराला विचारलं, आणि सुतार चाकांकडे बघायला लागला. घर चार चाकांवर उभं होतं. मोठ्या दुष्काळात सोलापुरातलं चादरींचं दुकान बसलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सिद्रामप्पानं, लिलावातली एक जुनी बस घेतली. बाकडी उपटली, मागं झोपायला फळ्या मारल्या, छताला दिवे नि पंखा लावला आणि उरल्या जागेत चादरींचे गठ्ठे रचले. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर दुकानानंच बाजारोबाजारी फिरावं, असं त्याचं म्हणणं. नवरा-बायको, मुलगा विरुपाक्ष आणि सून नीलम्मा, सगळा संसार त्या गाडीत. लोक तिला घरगाडी म्हणायचे.

सुतारानं दाराच्या तळाशी आंब्याची एक फळी आडवी बसवली आणि गाडीला उंबरा झाला. पण सावित्रम्माचं तेवढ्यानं समाधान होईना. गाडी लिलावातली, तिच्याखाली कोण आलं असेल, तिच्यात कोण मेलं असेल, कुणी सांगावं? अमावास्येला बाप-लेक माल आणायला वखारीत गेले होते. तिनं टांगेवाल्याकडून काळ्या घोड्याची नाल आणवली आणि वरवंट्यानं स्वतः उंबऱ्यावर ठोकली. नाल कुणी उपटून नेऊ नये म्हणून खिळे चांगले लांबातले घेतले. वर हळद-कुंकू वाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी तिला बरं वाटलं.

नाल बसली नि गाडीचे दिवे जायला लागले.

पहिल्यांदा गेले ते वैरागच्या बाजारात. नीलम्मा घागर घेऊन गाडीत चढली आणि आत काळोख झाला. विरुपाक्षनं ड्रायव्हरजवळची पेटी उघडून फ्यूज बघितला, तर तार वितळलेली. नवी तार घातली, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नीलम्मा चढली नि दिवे गेले. मग सावित्रम्मा बघायलाच बसली. सिद्रामप्पा चढला, दिवे तसेच. विरुपाक्ष चढला, तसेच. ती स्वतः चढली, पंखासुद्धा डगमगला नाही. नीलम्मानं पाय टाकला की मात्र अंधार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते एखाद्या वेळी, पण रोज रोज तोच कावळा नि तीच फांदी?

सावित्रम्माला भीती वाटली. ती वाईट बाई नव्हती, पण भ्यायलेली होती, आणि भ्यायलेल्या माणसाला कुणीतरी बोट दाखवायला लागतं. सून घरात आली त्याच साली दुकान बसलं होतं. हे तिनं आजवर मनातच ठेवलं होतं. आता ते मनातून ओठांवर आलं. तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. नीलम्मा पोटुशी होती, पाचवा सरत आलेला. गाडीची पायरी खाली, उंबरा उंच, त्यात कमरेवर घागर. बाकीचे सगळे जन्माच्या सवयीनं उंबरा ओलांडून आत जायचे. तिला तेवढी टांग टाकता येईना, म्हणून ती सरळ उंबऱ्यावर पाय देऊन चढायची. तेही नालेवर. लक्ष्मीच्या जागेवर पाय देणारीच्या घरात दिवा कसा राहील?

सिद्रामप्पाचा असल्या गोष्टींवर फारसा भरवसा नव्हता. त्यानं अक्कलकोट रस्त्यावरच्या पंचाक्षरी नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. पंचाक्षरी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, तोंडात सदा पान, आणि आपल्याला न सापडणारा दोष अजून जन्मला नाही अशी त्याची खात्री. त्यानं दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन सगळी गाडी तपासली. दिवे, पंखा, बॅटरी, पेटी. आत-बाहेर तरी किती वेळा केलं असेल. पण पंचाक्षरीलाही आईनं लहानपणी हेच शिकवलेलं, उंबऱ्यावर पाय देऊ नये. दर खेपेला त्यानं धोतर सावरून तो नीट ओलांडला. दोष काही सापडला नाही.

"कुटंतरी वायर लोखंडाला लागतिया," तो शेवटी म्हणाला. गाडीचं सगळं लोखंड म्हणजे करंटची परतीची वाट, मधेच वायर त्याला चिकटली की करंट जवळच्या वाटेनं धावतो, नि फ्यूज उडतो. पण कुठं चिकटते, ते त्याला सांगता येईना. निघताना तो सिद्रामप्पाकडे वळला. "फ्यूज उडतोय त्याला भिऊ नगा. त्यो राखणदार हाय. उडायचा थांबला की मग भ्या."

सावित्रम्माला त्या शेवटच्या वाक्याचा राग आला. दिवे जातात त्याला भ्यायचं नाही नि राहिले की भ्यायचं, ही कसली उलटी रीत?

पुढच्या बाजारी फ्यूज इतक्या वेळा उडाला की तारेचं रीळ संपलं. गिऱ्हाईक अंधारात चादरीचा रंग बघेना. सिद्रामप्पा कावला. त्यानं विरुपाक्षला सांगितलं, घाल काहीतरी जाड, एकदाची कटकट मिटव. विरुपाक्षनं तांब्याच्या जाड वायरीचा एक तुकडा तासून पेटीत बसवला. पंचाक्षरीचे शब्द त्याला आठवले असतील, नसतीलही. बाप कावलेला असताना लेकानं किती आठवावं?

त्याच रात्री सावित्रम्मानं आपलं म्हणणं मांडलं. बाळंतपण माहेरी व्हायचंच आहे, मग आताच पोचवू, असं तिनं वरवर सांगितलं. पण गाडीच्या मागं विरुपाक्षला गाठून ती म्हणाली, "मी सांगीन तवाच आणायची. तवर न्हाय." अशी पोचवलेली सून कधी परत येते हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची स्वतःची आत्या, निंगव्वा, अशीच 'थोड्या दिवसांसाठी' माहेरी आली होती आणि केस पांढरे होऊन तिथंच गेली.

दुसऱ्याच दिवशी नीलम्माला माहेरी, कुंभारीला सोडलं. गाडीतून उतरताना ती उंबऱ्याशी थबकली, पाय उचलून कसाबसा पलीकडे टाकला आणि सासूकडे बघितलं. सावित्रम्मानं नजर चुकवली. आपण बरोबर करतोय असं तिला वाटत होतं, तरी नजर का चुकवली, हे तिचं तिला कळलं नाही.

ती गेली आणि दिवे जायचे थांबले.

आता उंबऱ्यावर पाय द्यायला कुणीच उरलं नव्हतं, आणि पेटीत जाड वायर बसली होती, ही साधी गोष्ट. पण सावित्रम्माला ती कशी सुचावी? सुंठीवाचून खोकला गेला, असं तिनं वखारीतल्या बायकांना सांगितलं, पायगुणाची गोष्ट चढवून-चढवून सांगितली. रोज संध्याकाळी ती उंबऱ्याला हळद-कुंकू वाही, नालेला हात लावून नमस्कार करी. मुलगा जेवताना मान वर करीत नसे. दिवा मात्र डोक्यावर लखलखीत जळत असे, आणि सावित्रम्मा त्याच्याकडे साक्षीदाराकडे बघावं तशी बघे.

माळशिरसचा बाजार होता. ऊस गेलेला, लोकांच्या हाती पैसा खेळत होता. तिन्हीसांजेपर्यंत दाराशी गर्दी हटली नाही. सावित्रम्मा गाडीतून खाली उतरून स्टोव्हवर आमटी करत होती. विरुपाक्ष आत, अगदी मागं, फळ्यांखालून माल ओढत होता. सिद्रामप्पानं एक भला मोठा गठ्ठा दारापर्यंत आणला आणि धाप लागली म्हणून तसाच उंबऱ्यावर टेकवला. गिऱ्हाईक त्यावरच रेलून भाव करायला लागलं.

सावित्रम्मानं वर बघितलं. उंबऱ्यावर माल ठेवू नये म्हणून ती ओरडणार होती. तेवढ्यात तिला आतला दिवा दिसला. तो गेला नव्हता, पण लालसर झाला होता, विझत्या निखाऱ्यासारखा. गेला तर नाही ना, असं म्हणून तिनं आमटी ढवळली. मग जळक्या रबराचा वास आला. बाजारात कुणीतरी सायकलची ट्यूब पेटवली असेल, असं तिला वाटलं. वास वाढला. नवऱ्यालाही आला असावा, कारण तो भाव सांगायचा थांबला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

गठ्ठ्याच्या खालून धूर निघाला. सिद्रामप्पानं गठ्ठा ओढला, आणि वारा लागला तसा भडका उडाला. सुती माल तो. दाराची फळी, शेजारचे गठ्ठे, सगळं धडाधड पेटलं. दिवा अजून जळतच होता. त्या तांबड्या उजेडात सावित्रम्माला आपला लेक आत, आगीच्या पलीकडे, उभा दिसला. गाडीला दार एकच.

"विरू, उडी मार," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यानं चादर डोक्यावर घेतली आणि धावला. पण दार अरुंद, वरून पेटलेला पडदा लोंबत होता, वाकून उंबरा ओलांडायला जागाच नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यानं उंबऱ्यावर पाय दिला. अनवाणी. नालेवर.

पाणी मारून, माती टाकून लोकांनी आग विझवली. निम्मा माल गेला, गाडी वाचली. विरुपाक्षही वाचला. माळशिरसच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याचा तळवा धुतला, तेव्हा सावित्रम्मा पायाशी उभी होती. तळव्यावर नालेचा छाप उठला होता, पुरा, खिळ्यांच्या भोकांसकट.

गाडी ओढत सोलापूरला आणली. पंचाक्षरी आला, आणि या खेपेला त्याला वाकून शोधावं लागलं नाही. जळकी फळी त्यानं पहारीनं उचकटली. फळीच्या खालून मागच्या दिव्यांची वायर गेली होती, आणि नालेचा एक लांब खिळा तिच्या आरपार गेला होता. त्याचं टोक खालच्या पत्र्यापासून केसभर वर. फळी दोन्ही टोकांना टेकलेली, मधे पोकळ. कुणी वर भार दिला की ती दबायची, खिळा पत्र्याला लागायचा, फ्यूज उडायचा. पाय उचलला की खिळा वर. म्हणून त्याला काही सापडलं नव्हतं. मग त्यानं पेटी उघडली, तांब्याचा जाड तुकडा बाहेर काढला आणि नुसतं विरुपाक्षकडे बघितलं. जाड वायर वितळली नाही, म्हणून फळीखालची वायर तापत राहिली. पहिल्या खेपेला दोष सापडला नव्हता, ही स्वतःची चूक पंचाक्षरीलाही बोचत असणार.

"नाल कुणी ठोकली?" त्यानं विचारलं. सिद्रामप्पा बायकोकडे बघत राहिला.

सावित्रम्मा दोन दिवस जेवली नाही. ज्या दिव्याला तिनं साक्षीदार धरलं होतं, तो तिच्याच विरुद्ध बोलला होता, आणि ती मूर्खासारखी त्याच्याकडे बघून हसत बसली होती. लेकाचा पाय बांधताना तिला रडू आलं, आणि ते नुसत्या लेकासाठी नव्हतं.

गाडी दुरुस्त झाली. नवी फळी, नवी वायर, पेटीत नेमक्या हव्या तेवढ्याच जाडीच्या तारेचा फ्यूज. पहिल्याच संध्याकाळी सावित्रम्मा नवऱ्याला म्हणाली, कुंभारीला चला.

नीलम्माच्या माहेरी गाडी दाराशी उभी राहिली. नीलम्मा बाहेर आली, पोट आता चांगलंच दिसत होतं. आगीची बातमी तिला कळली होती, पण अर्धीच. तिनं कुणाची ख्यालीखुशाली विचारली नाही. सासूला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "अत्ती, ह्या बारीला पाय कुणाचा व्हता?"

सावित्रम्माला गोल गोल उत्तरं येत होती. वाटेभर तिनं ती जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"पाय कुणाचाच न्हवता," ती म्हणाली. "हात व्हता. माझा."

मग तिनं सगळं सांगितलं. अमावास्या, वरवंटा, लांब खिळे. वखारीतल्या बायकांना काय काय सांगत फिरली, तेही. नीलम्मानं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही, आणि सावित्रम्माला त्याचाच जास्त धाक वाटला.

"मी येती," नीलम्मा म्हणाली. "पर आदी तुमी चढा. माझ्यागत. उंबऱ्यावर पाय दिऊन."

तिन्हीसांज झाली होती. गाडीत दिवा लावलेला होता. विरुपाक्ष बांधलेला पाय पसरून आत बसला होता, त्यानं आईकडे बघितलं नि हात द्यायला पुढं झाला. सावित्रम्मानं त्याचा हात घेतला नाही. आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं, तिनं स्वतः सुनेला शिकवलं होतं. तिनं पाय उचलला आणि नव्या फळीवर सगळा भार टाकला.

फळी जराशी दबली. सावित्रम्मानं मान वर केली. दिवा जळतच होता, लखलखीत, पहिल्यासारखाच. मागं नीलम्मा तिच्या आत जाण्याची वाट बघत उभी होती. सावित्रम्माचा पाय मात्र उंबऱ्यावरच थिजला, आणि ती नाक वर करून, जळक्या रबराचा वास येतो का, ते हुंगत राहिली.