दिवसा न दिसणारी आग

कल्याणजवळ मोहन्याच्या पुढे एका ऊर्जा कंपनीचा बॉयलर होता. आजूबाजूच्या कारखान्यांना तो वाफ पुरवायचा आणि रोज कोळसा जाळायचा. कार्बन कमी करू, असं कंपनीने भागधारकांना जाहीर सांगितलेलं. पैसा कुठे घालायचा यावर ठाण्याच्या ऑफिसात बरीच भांडणं झाली. शेवटी आसावरी देवस्थळी या संचालक बाईंनी हट्टाने हायड्रोजनवर चालणारा छोटा बॉयलर मंजूर करून घेतला. चाचणी जमली तर कोळशाचा बॉयलर हळूहळू बंद होणार होता. फसली तर पैसा पुन्हा कोळशाकडेच वळणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

स्वप्ना तिथली सुरक्षा अधिकारी. तिचा नवरा रत्नदीप त्याच प्लांटवर ऑपरेटर. हायड्रोजनला वास नसतो आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, हे ती इतरांना शिकवायची. पण चाचणीची तारीख ठरल्यापासून तिचीच झोप उडालेली. रत्नदीप तिची थट्टा करायचा.

चाचणीच्या दुपारी बाहेर मांडवात पाहुणे बसले होते. बॉयलर पेटला, वाफेचा काटा वर चढला, टाळ्या वाजल्या. स्वप्ना उघड्या आवारातल्या पाइपांच्या कडेने फेरी मारत होती. तेवढ्यात तिला बारीक फुसफुस ऐकू आली. समोर नुसतं ऊन होतं, पण गालाला झळ लागली. तिने वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला विचारलं. इथे सगळे दिवे हिरवे आहेत, असं तिथून उत्तर आलं. मग तिने वर पाहिलं. आग टिपणाऱ्या सेन्सरचं तोंड पाइपांच्या पलीकडे वळलेलं होतं.

समोरून रत्नदीप व्हॉल्व्ह बघायला येत होता, थेट त्या आवाजाकडे.

"रत्नदीप, थांब. आहेस तिथेच थांब."

तो थांबला, पण त्याला काही कळेना. जुने लोक अशी आग झाडूने शोधायचे, असं तिने वाचलेलं. भिंतीला टेकवलेला खराटा तिने उचलला आणि हात लांब करून पुढे धरला. रिकाम्या हवेतच त्याची टोकं पेटली, रत्नदीपच्या छातीपासून हातभरावर.

पेटता खराटा तिने बाजूला टाकला. तिने हाताने खूण करून त्याला मागे सरकायला लावलं, गेटजवळ धावत जाऊन लाल बटण दाबलं. गॅस तुटला. फुसफुस विरत गेली आणि भोंगा वाजू लागला.

आसावरीबाई धावत आल्या. एका मॅनेजरने सुचवलं की बॉयलर ठरवूनच बंद केला, असं पाहुण्यांना सांगू. कंपनीच्या बोर्डासमोर कोळशाच्या बाजूचे लोक हेच पुढे करतील, असं बाई पुटपुटल्या.

"लपवलंत तर पुढच्या वेळी माणूस जाईल, मॅडम," स्वप्ना म्हणाली. "आज माझाच जात होता."

बाई मांडवात गेल्या आणि गळती झाली, आग लागली, हे माइकवर सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी कल्याणच्या घरी स्वप्नाला गॅस पेटवता येईना. लायटर हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. रत्नदीपने तो काढून घेतला. त्यानेही तो न पेटवता ओट्यावर ठेवून दिला. शेवटी दोघांनी दूध-पोहे खाल्ले.

बोर्डाने प्रकल्प रद्द केला नाही, पण पुढे ढकलला. पाइपांचे जोड बदलले, सेन्सर वाढवले. तोवर कोळसा जळत राहिला. हिवाळ्यात दुसरी चाचणी झाली आणि ती जमली. टाळ्या वाजल्या तेव्हा स्वप्ना आवारातच होती. घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता आणि ती अजून पाइपांकडे कान देऊन फुसफुस येतेय का ते ऐकत होती.